औटघटकेचा : यातला ‘औट’ कुठला?

निपाणीहून प्रश्न : फलकावर ‘आऊट घटकेची खुर्ची’ असं वाचलं. क्रिकेटमधल्या आऊटशी याचा काही संबंध आहे का?

खानापूरहून उत्तर : दादा, काहीएक संबंध नाही. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे तीन पुरे आणि चौथा अर्धा. प्राकृतात त्याचं ‘अद्धुट्ठ’ झालं आणि घासत घासत मराठीत ‘औट’ उरलं. अडीचही याच रीतीने ‘अर्धतृतीय’वरून आला. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना पावकी, निमकी, दिडकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर औटकी तोंडपाठ असायची : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. तीच ही औट. संतवाङ्मयात देहाला औट हात म्हटलंय, तेही साडेतीन हात.

घटका म्हणजे 24 मिनिटं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडली की घटका भरली. लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे ते हेच. तेव्हा औटघटका म्हणजे 84 मिनिटं, जेमतेम दीड तास. अर्थात बोलताना कुणी मिनिटं मोजत नाही; फार काळ न टिकणारं, एवढाच अर्थ.

शब्द वापरताना मात्र जपावं. फुलाला किंवा आयुष्याला औटघटकेचं म्हटलं तर माझ्या कानाला खटकतं. हा शब्द राज्य, पद, मान यांचा. आपण सीमेवरच्यांनी तर दोन्हीकडचे नमुने पाहिलेत : मे 2018 मध्ये बेंगळुरूत येडियुरप्पांनी 17 तारखेला शपथ घेतली आणि 19 ला राजीनामा दिला, नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबईत फडणवीसांचं सरकार 23 ला आलं, 26 ला गेलं. दोन्ही औटघटकेचीच. नव्या नवलाईसाठी ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ आहे, आयुष्यासाठी ‘अळवावरचं पाणी’.

बेळगावहून भर : कन्नडमध्येही तीनच दिवस बरं का! ‘मूरु दिनद संते’, तीन दिवसांचा बाजार. आमच्या शेजारच्या अज्जी आयुष्याबद्दल बोलताना हेच म्हणतात. साडेतीनला मात्र तिकडे सरळ ‘मूरूवरे’; औटसारखा झिजलेला शब्द मी कन्नडात ऐकलेला नाही.

खानापूरहून : छान सांगितलंत, ताई. आणि दादा, फलकवाल्यांना एवढं जरूर सांगा : ‘औटघटकेची’, एकच शब्द, जोडून. कुणाच्या आजोबांना पुरी औटकी येत असेल तर ती लगेच लिहून घ्या.