अभयारण्यातले दुपारचे फोटो सगळेच मऊ (धूसर) आलेत. लेन्स बदलू की मलाच बदलू?

नमस्कार मंडळी,

इथे बरेच पक्षीवेडे आहेत म्हणून विचारतोय. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच निव्वळ फोटोंसाठी एका अभयारण्यात गेलो. मोठं पाणथळ, कडेकडेने गाडीरस्ता, खाली उतरायला मोजक्याच जागी परवानगी. दिवसभरात साडेआठशे फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर बघितले आणि तोंडच उतरलं. ठेवण्यासारखे अकरा निघाले, त्यातले नऊ सकाळी आठच्या आधीचे.

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिमीची झूम. दोन उदाहरणं देतो.

सकाळी साडेसातला खंड्या बसला होता, दहा-बारा मीटरवर. कॅमेरा खिडकीवर टेकवला, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००. फोटो दाणेदार आहे, पण पिसं मोजून घ्या.

दुपारी साडेबाराला पाणकावळा. पंख पसरून वाळवत पुतळ्यासारखा उभा, अंतर ऐंशी-नव्वद मीटर. शटर १/१६००, आयएसओ ४००, फोकसचा चौकोन बरोबर पक्ष्यावर. तरी ओल्या काचेतून पाहिल्यासारखा दिसतोय. गंमत म्हणजे लागोपाठ दहा फोटो घेतले, तर दहाही वेगवेगळ्या तऱ्हेने मऊ. खालची काठी एकात सरळ, तर पुढच्यात नागमोडी!

मेव्हणा म्हणतो ३०० मध्ये पक्षी होत नाहीत, सरळ ६०० घे. बायको म्हणते तिला साध्या दुर्बिणीतून माझ्यापेक्षा जास्त पक्षी दिसले. (खरं आहे. मी बटणंच शोधत होतो.)

तर, लेन्समध्ये दोष आहे का? पांढरे बगळे चुन्याचे गोळे आणि आकाशातल्या घारी कोळसा, असं का होतं? आणि पक्षी उडाला की माझ्याकडे कायम शेपटीच का येते? शेजारच्या गाडीतला एक जण टाळ्या वाजवून थवा उडवत होता. तसं मला करायचं नाही, हे आधीच सांगतो.

दोन आठवड्यांनी परत जायचंय.

प्रतिसाद १

उत्तर तुमच्या नागमोडी काठीतच आहे. हात हलला असता तर सगळा फोटो एकाच दिशेला ओढला गेला असता. फोकस चुकला असता तर पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी स्वच्छ आलं असतं. दर फोटोत वेगळं वाकडं, म्हणजे मधली हवा थरथरतेय. जमीन तापली की गरम-गार हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि प्रकाश वाकडातिकडा येतो. मृगजळाचीच जात ही. शटर कितीही वाढवलं तरी ती जात नाही.

आणि ६०० घेऊन काय कराल? आणखी लांबचा पक्षी टिपाल, म्हणजे आणखी जास्त थरथरती हवा मध्ये घ्याल. त्यापेक्षा अंतर कमी करा. गाडी हेच उत्तम लपण आहे, प्राणी माणसाला बिचकतात तेवढे थांबलेल्या गाडीला बिचकत नाहीत. इंजिन बंद करून वीस मिनिटं गप्प बसा. खंड्या त्याच त्या काठीवर परत येतो, त्याच्यामागे फिरू नका.

एक विचारतो: दुपारी एसी चालू होता का?

धागाकर्ता

होता! काच खाली, एसी चालू, इंजिनही चालू. उन्हाने जीव नको झाला होता.

प्रतिसाद १

मग निम्मी थरथर तुम्हीच तयार केलीत. आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा अगदी लेन्सच्या तोंडाशी मिसळत होती, वर बॉनेटची वाफ. काचा आधीच उघडून गाडी बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या. लेन्सचा संशय असेल तर घरी छापील पान भिंतीला लावा, कॅमेरा घट्ट ठेवून टायमरने फोटो काढा. अक्षरं स्वच्छ आली तर लेन्सला दोष देऊ नका.

प्रतिसाद २

बगळ्याचं सांगतो. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं हवं असतं. काळ्या पाण्यात छोटा पांढरा बगळा असला की मीटर पाणी उजळायला जातो आणि बगळा जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय) उणे एक करा. उजळ आकाशातल्या घारीला उलट, अधिक एक ते दीड. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, पण जळलेला पांढरा रंग रॉमधूनही परत येत नाही.

शेपटीचं कारण वारा. पक्षी बहुतेकदा वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतो आणि उतरतोही तसाच. वारा तुमच्या पाठीवर घ्या, पक्षी तुमच्याकडे तोंड करून येईल. ऊनही पाठीशी असेल अशी सकाळ मिळाली तर जागा सोडू नका. बगळे, शिकारी पक्षी उडण्याआधी बऱ्याचदा शिटतात. शेपूट उचलली की बोट शटरवर! उडत्या पक्ष्याला १/२००० ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू दे.

टाळीवाला परत दिसला तर सरळ वनरक्षकाला सांगा. लांबून उडत आलेल्या पाखरांनी खाऊन साठवलेली ताकद अशी फुकट जाते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारेही त्याच माळेचे मणी.

धागाकर्ता

पानाची चाचणी केली. बारीक टाइपातली वेलांटीसुद्धा स्वच्छ! लेन्सची खरेदी रद्द, मेव्हण्याला कळवलं. तो म्हणतो पान उडत नाही.

या वेळी फाटक उघडताच आत, दहाला कॅमेरा बॅगेत. दुपारी दुर्बीण, तीही बायकोने दिली तर. एकच राहिलं: गाडीच्या दारावर लेन्स टेकवायला घडी केलेली चादर चालेल, की बीनबॅगच (दाणे भरलेली पिशवी) लागते?

प्रतिसाद २

चादर चालते, फक्त जाड घडी घाला. लेन्स तिच्यात रुतली पाहिजे.