सारांशात बोल्ड केलं की झालं, म्हणे!

चाटीगल्लीकर: काल इथं एकानं ठोकून दिलं, "शोधनिबंधाच्या सारांशात उद्देश, पद्धती, निष्कर्ष एवढे शब्द बोल्ड करा, बास. टॅगबिग सगळे कंपन्यांचे चोचले." डोकंच फिरलं. जर्नलांच्या फायली एक्सएमएलमध्ये करून देणं, म्हणजे कुठला भाग काय आहे ते यंत्राला कळावं म्हणून मजकुराला खुणेचे टॅग लावणं, हेच माझं पोट. अहो, बोल्ड म्हणजे यंत्राला नुसती जाड अक्षरं. जॅट्समध्ये, म्हणजे जर्नलांच्या लेखांसाठी ठरवलेल्या टॅगांच्या साच्यात, सारांशाच्या आत प्रत्येक भागाला वेगळा सेक्शन आणि त्याचं शीर्षक देता येतं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीतल्या नोंदीत लेखकानं दिलेला मथळा लेबल म्हणून राहतोच, शिवाय पार्श्वभूमी, उद्देश, पद्धती, निकाल, निष्कर्ष यांतला वर्गही जोडतात. चादरीवर 'सोलापुरी' छापलं म्हणून ती इथल्या मागावरची होते का?

तेल्याग्रस्त: ती पोस्ट माझीच. डाळिंबाच्या तेल्या रोगावर लिहिलेला चांगला सलग सारांश संपादकानं चिरायला लावला. जागा अडीचशे शब्दांची, त्यात मथळे घुसवा. कुठला शेतकरी तुमचा सेक्शन उघडून बघतो?

रात्रपाळी_डॉक्टर: शेतकऱ्याचं सोडा, आम्ही बघतो. 1987 मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये हा मथळेवार सारांशाचा साचा मांडला तो डॉक्टरला लेख झटकन पारखता यावा म्हणून. रिव्ह्यूसाठी ढीगभर सारांश चाळताना सलग मजकुरात रुग्ण किती हेच सापडत नाही. बऱ्याचदा ते लिहिलेलंच नसतं! मथळा असला की लपवाछपवी उघडी पडते.

शेंगाचटणी: टॅग ऱ्हाऊ द्या, फीचं बोला. माझ्या भावाकडून एका जर्नलनं पैसे घेतले अन् पेपर न वाचताच छापला. सारांशात 'निष्कर्ष' दोनदा!

रात्रपाळी_डॉक्टर: पीएचडीसाठी पेपरची सक्ती यूजीसीनं 2022 लाच काढली की.

शेंगाचटणी: कागदावर काढली. गाईडला कोण सांगणार, तुम्ही? वर आता यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीपण बंद. चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

तेल्याग्रस्त: त्या यादीतपण भुरटे शिरले होतेच. अन् तुझा भाऊ पैसे देतो म्हणून ती दुकानं चालतात.

शेंगाचटणी: भावावर जायचं काम नाही. तुम्हाला सरकारी पगार आहे, त्याला नाही.

चाटीगल्लीकर: धागा सारांशाचा आहे हो! तेल्याग्रस्त, तुमच्यासारखे 'साहित्य, पद्धती व निकाल' असा एकच मथळा देतात. मग तो कुठल्या वर्गात टाकायचा, मी ठरवू?

तेल्याग्रस्त: बरं महाराज, पुढच्या वेळी वेगळे लिहितो. त्यासाठी वाढीव पन्नास शब्द तुम्ही संपादकाकडून मागून आणा.