‘अनस्टेज’साठी मराठी शब्द : पूर्ववत करणे, मागे घेणे की वापस घेणे?

नागपुरातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी मी गिटची (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीची) मराठी पुस्तिका लिहीत आहे. पुढच्या नोंदीसाठी निवडलेला, म्हणजे ‘स्टेज’ केलेला बदल त्या निवडीतून काढणे म्हणजे ‘अनस्टेज’. त्यासाठी मी ‘बदल पूर्ववत करणे’ असे लिहिले होते. एका विद्यार्थ्याने फाइल स्टेज करून तिच्यात आणखी चाळीस ओळी लिहिल्या आणि मग ते शीर्षक वाचून ‘गिट रिस्टोर’ ही कमांड अनस्टेजसाठी लागणारे ‘--स्टेज्ड’ न जोडता दिली. स्टेज केलेला मजकूर तसाच राहिला, नंतरच्या चाळीस ओळी मात्र पुसल्या गेल्या. म्हणजे त्याला हवे होते त्याच्या नेमके उलट झाले. दोष माझ्या शब्दाचा आहे. आपण काय लिहाल?

प्रतिसाद : ‘पूर्ववत’ चुकलेच, कारण अनस्टेज करताना फाइलमधला मजकूर बदलत नाही, पुढच्या कमिटसाठी, म्हणजे इतिहासातल्या पक्क्या नोंदीसाठी, केलेली निवड तेवढी सुटते. हिवाळी अधिवेशनात आपल्या विधानभवनात कागदपत्रे ‘पटलावर ठेवतात’. त्याच चालीवर ‘पटलावरून काढणे’ म्हणावे.

प्रतिसाद : पटलावर ठेवलेल्या कागदाची नोंद कामकाजात राहते, ताई. अनस्टेज केल्याची नोंद गिटच्या इतिहासात कुठेच उरत नाही. त्यापेक्षा ‘मागे घेणे’ बरे. उमेदवारी अर्ज मागे घेतला तरी उमेदवार जागच्या जागी असतोच.

प्रतिसाद : नागपुरात कोणीही ‘वापस घेतो’ असेच म्हणेल. तेच लिहा.

प्रतिसाद : बोलताना चालेल, पुस्तिकेत नको. ‘परत’ असताना हिंदीतून उसना शब्द कशाला आणायचा?

प्रतिसाद : ‘वापस’ मुळात फारसी आहे, काका, आणि आपण रोज लिहितो तो ‘रद्द’ अरबी. त्याला मराठीत जागा मिळाली, मग आमच्या घरात आजीपासून बोलला जाणारा शब्दच परका कसा?

प्रतिसाद : माझे वडील संत्र्यांचा व्यापार करीत. लाकडी पेटीत तणस घालून फळे रचताना एखादे डागी निघाले, की ते ‘काढून ठेव’ म्हणत; ‘फेकून दे’ असे कधीच म्हणत नसत. एकदा झाकणाला खिळे ठोकले, की मग मात्र पेटीला हात लावायचा नाही. खिळे ठोकणे म्हणजे कमिट, आणि त्याआधीचे ‘काढून ठेवणे’ म्हणजे अनस्टेज, इतके ते मला स्पष्ट दिसते.

मूळ प्रश्नकर्ता : इंग्रजीतही हे नाव एकच नाही. स्टेजलाच ‘इंडेक्स’ म्हणतात, त्याआधीचे ‘कॅश’ हे नाव ‘--कॅश्ड’ या पर्यायात अजून टिकून आहे, आणि 2019 मध्ये 2.23 या आवृत्तीत ‘रिस्टोर’ येईपर्यंत हेच काम ‘गिट रिसेट हेड’ने करीत. संत्र्यांच्या पेटीचा दाखला मला फार पटला. अडचण एवढीच, की पुढच्याच प्रकरणात ‘स्टॅश’, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणे, येतो, आणि त्यासाठी ‘काढून ठेवणे’ हा शब्द मी आधीच वापरलेला आहे.

प्रतिसाद : मग ‘स्टॅश’साठी ‘जपून ठेवणे’ करा, आणि ‘वापस’चा विचार अजूनही सोडू नका.