झोपण्याआधी वाचायला ई-रीडर: बेसिक किंडल, पेपरव्हाइट की ऑनिक्स बूक्स?

उशीपाशी:
घरातल्या ज्येष्ठ वाचकासाठी ई-रीडर घ्यायचा आहे. वापर फक्त रात्रीचा: खोलीतला दिवा बंद, शेजारी दुसरं माणूस झोपलेलं, तासभर आडवं पडून वाचन. जवळजवळ सगळं मराठी. पुस्तकं तीन वाटांनी येणार. काही किंडलच्या दुकानातून विकत, काही ई-साहित्य प्रतिष्ठानच्या पीडीएफ, आणि बाकी जुन्या कादंबऱ्यांचे व दिवाळी अंकांचे स्कॅन. बजेट वीस हजारांच्या आत.

पिवळसर उजेडाची सोय नसलेलं बेसिक किंडल पुरेल का? सहा इंच आणि सात इंच यात खरंच फरक पडतो का? आणि जोडाक्षरं फुटतात, मराठीऐवजी चौकोन दिसतात असं वाचलं, ते अजून होतं का? टॅबलेट नकोच आहे, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नका.

सायंप्रकाश:
आधी उजेडाचं बघू, कारण रात्री तोच मुख्य मुद्दा.

ई-रीडरचा कागदासारखा दिसणारा ई-इंकचा पडदा स्वतः उजळत नाही. कडेला बसवलेल्या एलईडींचा उजेड वरच्या पारदर्शक थरातून पडद्यावर पसरतो आणि तिथून परावर्तित होऊन डोळ्यांकडे येतो. २०२२ च्या बेसिक किंडलमध्ये असे चार एलईडी आहेत, किंडलचंच वरचं मॉडेल असलेल्या पेपरव्हाइटमध्ये (२०२१) सतरा. दिवसा फरक कळणार नाही. अंधाऱ्या खोलीत उजेड अगदी कमी केला की चार एलईडीवाल्या पडद्याच्या एका कडेला फिकट सावल्या दिसू शकतात. वाचन अडत नाही, पण एकदा दिसल्या की नजर तिकडेच जाते.

पिवळसर उजेड, म्हणजे ज्याला कंपन्या वॉर्म लाइट म्हणतात, तो पांढऱ्या एलईडींच्या जोडीला पिवळसर-नारिंगी एलईडी बसवून मिळतो. बेसिकमध्ये तो नाही. पेपरव्हाइटमध्ये २०२१ पासून आहे. २०१८ च्या पेपरव्हाइटमध्येही नव्हता, तेव्हा जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारू नका.

झोपेवर परिणाम होतो म्हणून जो अभ्यास सगळीकडे फिरतो, तो २०१४ च्या अखेरीस पीएनएएस या नियतकालिकात आला. त्यात बारा जण होते. पडद्यावरच्या वाचनानंतर झोप लागायला छापील पुस्तकापेक्षा सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाचं चक्र साधारण दीड तास पुढे सरकलं. पण तिथे वाचायला दिलेलं यंत्र आयपॅड होतं, पूर्ण उजेडावर, झोपण्याआधी सलग चार तास. शीर्षकात ई-रीडर हा शब्द असल्यामुळे लोक तो किंडलला चिकटवतात. तुमच्या वापरात उजेड मुळात खूप कमी असणार, म्हणून माझ्या मते रंगापेक्षा तीव्रता आधी सांभाळा. अंधारात २४ पैकी ३ ते ६ पुष्कळ होतो. पिवळेपणा १२ च्या पुढे ठेवा. सेटिंगमध्ये त्याची वेळ ठरवता येते (सूर्यास्ताप्रमाणे किंवा घड्याळाप्रमाणे), ती एकदा लावून टाकली की ज्येष्ठांना रोज खटाटोप नको.

डार्क मोडचा मोह अनेकांना होतो. ई-इंकवर काळी पार्श्वभूमी अंधारात गडद राखाडी दिसते, कारण उजेड सगळ्याच पडद्यावर पडतो. दृष्टिवैषम्य असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. ज्यांना चकाकीचा त्रास होतो अशा काहींना मात्र तोच बरा वाटतो. दोन्ही दाखवा आणि त्यांनाच ठरवू द्या.

पानपिसारा:
उजेडाबद्दल +१. पण इथे निवड फायलींनी होणार आहे. तुमच्या तीन वाटांपैकी दोन पीडीएफच्या आहेत, आणि तिथे इंचाचा हिशेब लागतो.

सहा इंची पडदा सुमारे ९.१ सेंमी रुंद आणि १२.३ सेंमी उंच असतो. २०२४ चा पेपरव्हाइट सात इंची आहे, म्हणजे सुमारे १०.७ बाय १४.२. मराठी कादंबरी बहुधा डेमी आकारात असते. समास कापल्यावर तिचा मजकूर साधारण साडेदहा सेंमी रुंद भरतो. म्हणजे सात इंचावर अक्षर छापील आकाराचंच दिसतं, सहा इंचावर ते पंधरा टक्क्यांच्या आसपास बारीक होतं. बारा पॉइंटचं अक्षर जवळपास दहावर येतं, आणि देवनागरीत त्याच उंचीत वेलांटी, रफार, उकार सगळं बसवायचं असतं. सत्तरीच्या डोळ्यांना हा फरक मोठा आहे. त्यामुळे बेसिक बाद.

दिवाळी अंकाचं पान याहून बरंच मोठं, त्यात दोन रकाने. ते सात इंचावरही उभं वाचता येत नाही. पडदा आडवा करा (किंडलमध्ये हे मेनूतून हाताने करायचं असतं), पान दोन-तीन टप्प्यांत वाचलं जातं. दहा इंची किंडल स्क्राइबवर ते सुखाने दिसेल, पण त्याचं वजन ४३३ ग्रॅम आहे, ते छातीवर धरून झोपणार कोण!

स्कॅन तसाच टाकू नका. आधी समास कापा. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. त्यात शब्द सुटे करून नव्या ओळी मांडायची सोयही आहे. स्वच्छ इंग्रजी पानावर ती ठीक चालते. मराठी स्कॅनवर शिरोरेषा तिरकी असली किंवा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडला की ओळी चुकीच्या जागी तुटतात. म्हणून फक्त समास कापून रुंदीला बसवायचा पर्याय घ्या. स्कॅन फिका असेल तर पीडीएफ उघडल्यावर किंडलमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवता येतो.

खटका:
थोडं वेगळं मत मांडतो. वाचक फक्त किंडलच्या दुकानात राहणार असेल तर पेपरव्हाइट घ्यावा, वाद नाही. मराठी पुस्तकं तिथे डिसेंबर २०१६ पासून रीतसर आहेत. पण बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तकं बुकगंगाच्याच ॲपमध्ये उघडतात, ती किंडलवर जाणार नाहीत. तिथली खरेदी जास्त असेल तर अँड्रॉइडवर चालणारं ऑनिक्स बूक्सच घ्यावं लागेल. किंडलचं ॲपही त्यावर टाकता येतं. शिवाय पान उलटायची बटणं असलेली मॉडेल्स आहेत. कुशीवर झोपून एका हाताने वाचताना अंगठा पडद्यावर सरकवण्यापेक्षा बटण दाबणं सोपं, आणि पानं चुकून उलटत नाहीत.

त्याचे तोटेही सांगायला हवेत. अँड्रॉइड असल्याने न वापरताही बॅटरी उतरते, किंडलसारखी आठवडेच्या आठवडे जात नाही. प्रत्येक ॲपला पडदा ताजा करायची पद्धत वेगळी निवडावी लागते, नाहीतर मागच्या पानाची छाया उरते. सूचना बंद केल्या नाहीत तर रात्री अकराला काहीतरी टपकतं. कोणीतरी तासभर बसून हे सगळं लावून दिलं पाहिजे, आणि बिघडलं की पुन्हा तोच माणूस हवा.

रंगीत ई-इंकच्या वाटेला मात्र जाऊ नका. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंकमध्ये पडद्यावर रंगगाळणीचा एक थर जास्त असतो, त्यामुळे पार्श्वभूमी करडी होते आणि उजेड वाढवावा लागतो. रात्रीसाठी नेमकं उलट. परदेशातून येणारं कोणी असेल तर कोबो कंपनीचा क्लारा बीडब्ल्यू हा ई-रीडर चांगला आहे: सहा इंची, पिवळसर उजेडाचा, १७४ ग्रॅम. त्यात देवनागरी फॉन्ट आपण टाकायचा असतो. पण पीडीएफचा पानपिसारा यांचा हिशेब त्यालाही लागू.

उशीपाशी:
सगळ्यांचे आभार. बुकगंगावरची खरेदी नाही, तेव्हा पेपरव्हाइटकडे कल झुकतोय. एक शंका राहिली. मित्राच्या जुन्या किंडलवर चाचणी म्हणून दोन मराठी फायली पाठवल्या. एक ई-पब (ई-पुस्तकाचा नेहमीचा फाइल-प्रकार) होती, तिच्यात देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि विचित्र खुणा आल्या. दुसरी पीडीएफ, ती पीडीएफ म्हणून नीट दिसते, पण रूपांतर करून घेतली की निव्वळ कचरा. दोष यंत्राचा की फायलीचा?

पानपिसारा:
दोन्ही वेळा फायलीचा, पण आजार वेगवेगळे.

ई-पबमध्ये अक्षरांची सांकेतिक पद्धत आतल्या पानांवर लिहिलेली नसेल तर सेंड टू किंडल (किंडलवर फायली पाठवायची सोय) ती चुकीची धरून चालतं. इंग्रजी मजकुरात हे लक्षात येत नाही, मराठीत एकूण एक अक्षर बिघडतं. उपाय सोपा आहे. कॅलिबर हे ई-पुस्तकांचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, पुस्तक आत घ्या, माहितीच्या खिडकीत भाषा 'मराठी' निवडा, आणि ई-पबचं पुन्हा ई-पबमध्येच रूपांतर करा. नवी फाइल पाठवा. भाषेचा रकाना रिकामा असेल तर कधीकधी पाठवणीच नाकारली जाते, म्हणून तो सोडू नका. त्याचा आणखी एक फायदा: काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं भाषा मराठी आहे हे कळल्यावरच येतात, एरवी हिंदी वळणाची दिसतात.

तुमची पीडीएफ बहुधा युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या आजच्या सांकेतिक पद्धतीच्या) आधीच्या श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्टांत जुळवलेली असणार. त्यात आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. रूपांतरात फॉन्ट गळतो आणि खालचा माल उघडा पडतो. ओळखायची खूण: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून फोनवर संदेशाच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटलं तर रूपांतर जमेल, अगम्य आलं तर नादी लागू नका, समास कापून पीडीएफ म्हणूनच वाचा. गूगल डॉक्समध्ये उघडून मजकूर ओळखून घेता येतो, पण मग प्रुफं तपासत बसायची तयारी हवी. जुन्या पुस्तकांसाठी त्याआधी विकिस्रोत बघा. तिथे पुष्कळ मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये आहेत आणि ई-पब म्हणून थेट उतरवता येतात.

चौकोन दिसण्याचं कारण तिसरंच. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नसते. किंडल संगणकाला जोडून त्यातल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये 'मुक्त' किंवा 'नोटो सेरिफ देवनागरी' टाका, दोन्ही फुकट आहेत. साध्या वळणाबरोबर ठळक वळणाचीही फाइल टाका, म्हणजे शीर्षकं फसत नाहीत. मग पुस्तक उघडून फॉन्टच्या यादीतून तो निवडा. २०२४ चं मॉडेल मॅकला जोडणार असाल तर मध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागतं, विंडोजवर थेट दिसतं. पाठवायला यूएसबीची गरज नाही. ईमेलने ५० एमबीपर्यंत, ब्राउझरमधून २०० एमबीपर्यंत फाइल जाते. स्कॅन बहुतेक वेळा ५० च्या वर असतात, तेव्हा ब्राउझरच वापरा.

एक बारीक गोष्ट: अक्षर मोठं केल्यावर दोन्ही कडा जुळवलेली मांडणी बदलून डावीकडे जुळवलेली करा. मराठीतले लांबलचक सामासिक शब्द ओळीच्या शेवटी मावत नाहीत, पुढच्या ओळीत ढकलले जातात, आणि मधे भगदाडं पडतात.

सायंप्रकाश:
पेपरव्हाइट ठरत असेल तर हाताळणीचं थोडं. तो २११ ग्रॅमचा आहे, बेसिक १५८ चा. उताणं झोपून वाचणाऱ्याला हे पन्नास ग्रॅम जाणवतात, आणि वर शंभराहून अधिक ग्रॅमचं कव्हर असेल तर फारच. कव्हर दिवसा ठेवा, रात्री काढा. मनगट दुखत असेल तर गादीला अडकवायचा लवचिक दांड्याचा स्टँड आणि पडद्याच्या कडेला लावायचा रिमोट-चिमटा मिळतो. तो चिमटा पडद्यावर टिचकी मारतो, पान उलटतं. चिमटा मजकुरावर येणार नाही एवढा समास सेटिंगमध्ये वाढवून घ्या.

पाणी सहन करायची क्षमता पलंगावर काही कामाची नाही. धोका दाबाचा आहे. ई-इंकच्या थरामागे अगदी पातळ काच असते. वाचता वाचता झोप लागली, यंत्र कुशीखाली किंवा उशीखाली गेलं, की बाहेर ओरखडाही न येता आतली काच तडकते. मग पडद्याच्या एका भागात रेघा गोठून राहतात. दुरुस्ती परवडत नाही, पडद्याचीच किंमत यंत्राच्या जवळपास जाते. म्हणून हाताच्या अंतरावर कप्पा किंवा मच्छरदाणीबाहेरचं स्टूल ठरवून ठेवा.

सेकंडहँड बघणार असाल तर विकणाऱ्यासमोरच त्याचं खातं काढायला लावा आणि तुमचं जोडून बघा. अंधाऱ्या खोलीत उजेड २, मग २४ वर नेऊन चारही कडा तपासा. मायक्रो-यूएसबीचं भोक दिसलं तर तो २०१८ चा किंवा त्याआधीचा, म्हणजे पिवळसर उजेड नाही. नवा सात इंची भारतात एप्रिल २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आला, त्यामुळे बजेटात बसतो. ज्यादा पैसे देऊन ३२ जीबीचं मॉडेल घ्यायची गरज नाही, स्कॅन धरूनही १६ जीबी भरायला बराच काळ लागेल.