दोष फक्त गर्दीचा नाही

गर्दीत होणाऱ्या दुर्घटनांबद्दल वर एका दादांनी लिहिलंय, 'लोकच बेशिस्त, पोलीस काय करणार?' मी पाचोऱ्याचा, मला हे पटत नाही. 22 जानेवारी 2025 ला आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली. घाबरलेली माणसं शेजारच्या रुळांवर उतरली आणि कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान 12 जीव गेले. 'आग नाही, खाली उतरू नका' हे त्यांना कुणी वेळेवर सांगायला नको होतं?

कारखान्यांतही माणसांचा जीव सुरक्षा यंत्रणेवरच अवलंबून असतो. 2017 मध्ये सौदीतल्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन हे मालवेअर (संगणकात घुसून नुकसान करणारा प्रोग्राम) थेट धोक्याच्या वेळी यंत्रं थांबवणाऱ्या प्रणालीतच शिरलं होतं. म्हणजे राखणदारावरच घाव!

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा भरेल, तिथेही गर्दी होणार. येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवा, सूचना द्यायला भोंगे लावा, असं निवेदन आपण आताच देऊ या.