टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर 1 : सराव करताना गणित सुटून जातं, वेळ कसा पुरवायचा?

संत्रानगरी
नागपूर जि.प., तिसरीचा वर्ग शिकवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं आता आम्हा नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी देणं आलंच. मराठी माध्यम, भाषा-2 इंग्रजी. सरावात दरवेळी शेवटची 12-15 गणितं राहून जातात. प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं का?

खडूफळा
नाही भाऊ. पाच विषय, प्रत्येकी 30 प्रश्न, 150 गुण, 150 मिनिटं. खुल्या प्रवर्गाला एकूण 60 टक्के म्हणजे 90, राखीवला 55 टक्के. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेवर रंगवायचा एकही गोळा रिकामा सोडू नका.

गणित शेवटीच घ्या, पण 45 मिनिटं राखून. बालमानसशास्त्र 20, मराठी 25, परिसर अभ्यास 20, इंग्रजी 25. झाले 135, हातात 15. बहुतेकांचा घात गोळ्यांनी होतो. एका गोळ्याला 5-6 सेकंद धरले तरी 150 ला पाऊण तासाचा तिसरा हिस्सा जातो. शेवटी रंगवायला ठेवले की गणिताचाच वेळ खाल्ला जातो! पानागणिक रंगवा. आणि प्रश्न सोडला की पुढचा गोळा नंबर बघूनच; एक ओळ सरकली की पुढचं सगळं गेलं.

मॅडम_कामठीरोड
गणितात वेळेपेक्षा घाईच जास्त नडते. 400 ला घेतलेली वस्तू, छापील किंमत 500, सूट 10 टक्के. विक्री 450, नफा 50. बरेच जण 50 ला 450 नं भागतात. नफा खरेदीवर काढायचा : 12.5 टक्के.

मराठीत प्रयोग हमखास फसवतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ कर्मणी, पण ‘शिपायाने चोराला पकडले’ भावे, कारण कर्मालाही प्रत्यय लागला.

संत्रानगरी
आणि मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या, मुलांच्या बौद्धिक वाढीच्या अवस्था पाठ करू का?

खडूफळा
नुसती वयं पाठ करून काय होते? प्रसंग देतात : पसरट भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं, मूल म्हणतं ‘जास्त झालं’. ही 2 ते 7 ची पूर्वक्रियात्मक अवस्था. परिसर अभ्यासाला बालभारतीची तिसरी ते पाचवीची पुस्तकं वाचा, चौथीतलं शिवछत्रपतींचं धरून. गाईड त्यानंतर.