खाच एक, वेग निराळे

‘आता सर्वत्र टाइप-सी आले, केबलची कटकट संपली’ हे मत मला अर्धेच पटते. फोनसारख्या उपकरणांना टाइप-सी ही एकच चार्जिंगची खाच सक्तीची करणारा युरोपीय संघाचा समान चार्जरचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला हे खरे, परंतु खाचेचा आकार सारखा म्हणून आतून माहिती वाहून नेण्याचा वेगही सारखाच असेल असे नाही. २०२३ च्या आयफोन १५ मध्ये टाइप-सी असूनही वेग यूएसबी २ या जुन्या मानकाचाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, तर १५ प्रोमध्ये तो १० गिगाबिटपर्यंत जातो. आणि गंमत म्हणजे प्रोच्या खोक्यातली केबलही यूएसबी २ चीच होती. मी तेव्हा चाळलेल्या बहुतेक वृत्तसंकेतस्थळांनी रंग आणि कॅमेरा यांवर रकाने भरले होते; हा आकडा मला कंपनीच्या तपशील-तक्त्यात तळाशी सापडला.

गेल्या महिन्यात इंदूरच्या जेल रोडवर घेतलेल्या केबलच्या वेष्टनावर ‘फास्ट’ एवढेच छापलेले होते आणि वेग विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “भैया, सब में चलेगी.” चालली खरी, पण भाचीच्या लग्नाचे ४० जीबी चित्रीकरण उतरवून घ्यायला तिने वीस मिनिटे घेतली.